शेफील्डच्या जुन्या वस्तऱ्याला घरी धार का बसत नाही आणि ती कशी बसवायची

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या घरात जुन्या ट्रंकेत आजोबांचा, इंग्लंडातल्या शेफील्डचा वस्तरा सापडला. पातं रुंद, जाड, अंगावर थोडा गंज. हजार ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर तासन्‌तास घासला, मग आठ हजारावर चकचकीत केला. तरीही टोकाकडचा भाग जेमतेम केस कापतो, टाचेकडचा ओढतो आणि मधल्या बोटभर जागेला तर धारच नाही. आता बारा हजारांचा जपानी दगड घ्यावा का?

घेऊ नका. बारा हजारांचा दगड असलेल्या धारेला झिलई देतो, नसलेली धार निर्माण करत नाही. हा वस्तरा पहिल्याच पायरीवर अडलेला आहे आणि पहिल्या पायरीचं काम हजारच्याच दगडावर होतं. शंभर वर्षांत चार हातांनी चार तऱ्हांनी घासलेलं पातं सरळ राहिलेलं नसतं. ते कुठं वाकडं झालंय हे कळल्याशिवाय कितीही घासलं तरी पोलाद तेवढं जातं.

आधी शब्द ठरवून घेऊ. वरची जाड कड ती पाठ, मुठीकडचा कोपरा ती टाच, पुढचा कोपरा ते टोक. धारेलगत दोन्ही अंगांना जी बारीक चमकणारी पट्टी दिसते ती बेव्हल. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, म्हणून कोन हातानं धरायचा नसतो. सुरी-विळ्याला धार लावायचा हात इथं नडतो, कारण त्यात पाठ उचलायची सवय झालेली असते. इथं पाठ एकदाही उचलली तर धार तिथल्या तिथं बोथट झाली म्हणून समजा.

पाठ टेकून कोन मिळतो, म्हणजेच पाठ झिजली की कोन बदलतो. व्हर्नियर कॅलिपरनं दोन मापं घ्या: धारेपासून पाठीच्या टेकणाऱ्या भागापर्यंतची रुंदी आणि तिथली पाठीची जाडी. रुंदीला जाडीनं भागा. उत्तर ३ आलं तर कोन साधारण १९ अंश, साडेतीन आलं तर १६च्या थोडा वर, ४ आलं तर साडेचौदाच्या आसपास. दाढीला १६ ते १९ अंश चांगला. ४च्या पुढं गेलात तर धार इतकी पातळ होते की पहिल्याच दाढीत बारीक दात पडतात. पाठीवर रुंद, सपाट झिजलेला पट्टा दिसत असेल तर असंच झालेलं असणार. उपाय सोपा आहे: वायरमन वापरतात ती पीव्हीसी टेप पाठीवर लांबीच्या दिशेनं चिकटवा. टेपची जाडी साधारण ०.१५ मिमी असते. ती दोन्ही अंगांना येते, त्यामुळे १६ मिमी रुंद पात्यावर एका थरानं कोन जवळपास एक अंशानं वाढतो.

शेफील्डच्या जुन्या जाड पात्याला टेप लागतेच, पाठ झिजलेली असो वा नसो. या पात्यांचा छेद जवळजवळ सरळ पाचरीसारखा असतो. जर्मनीतल्या सोलिंगेनच्या पात्यांना दोन्ही बाजूंनी खोल गोलाई असते, त्यामुळे दगडाला फक्त पाठ आणि धार लागते. पाचरीच्या पात्याचा अख्खा गालच (पाठ आणि धार यांमधली सपाट बाजू) दगडावर बसतो. टेपशिवाय घासलं तर धारेपर्यंत पोचायला सगळा गाल झिजवावा लागेल, आणि तुमचे तास बहुधा तिथंच गेलेत. एक थर लावा; तरीही गाल घासतोय असं दिसलं तर दोन. मात्र किती थर लावले ते लिहून ठेवा आणि पहिल्या दगडापासून शेवटच्यापर्यंत तेवढेच ठेवा. दगड बदलताना टेप नवी लावायची, कारण जुनी टेप खरखरीत कण पुढच्या दगडावर नेते.

पात्याच्या शेपटीवर, म्हणजे टाचेमागच्या धार नसलेल्या भागावर, नुसतं ‘शेफील्ड’ आहे की सोबत ‘इंग्लंड’ही आहे, ते पाहून ठेवा. १८९०च्या अमेरिकी जकात कायद्यानं परदेशी मालावर देशाचं नाव बंधनकारक केलं, म्हणून ‘इंग्लंड’ असा शिक्का असलेले वस्तरे बहुधा त्यानंतरचे. ‘कास्ट स्टील’ लिहिलेलं असेल तर बिडाचं पातं समजून घाबरू नका. ते मुशीत वितळवून केलेलं पोलाद; शेफील्डमध्ये १७४०च्या सुमारास बेंजामिन हंट्समननं ती पद्धत बसवली. असं पोलाद दगडाला चांगला प्रतिसाद देतं, पण गंजतंही पटकन. आणि मूठ हस्तिदंताची असेल तर विकायच्या फंदात पडू नका, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो व्यापार बंद आहे.

आता वस्तरा मेहनतीच्या लायकीचा आहे का ते पाहा. सराफ वापरतात ते दहा पट भिंग पुरतं. धारेवरून आत जाणारी केसासारखी काळी रेघ दिसली तर तो तडा. अशा पात्यानं दाढी करायची नाही, शोभेला ठेवा. धारेलगत निळसर-जांभळी छटा असेल तर कुणीतरी विजेच्या चाकावर धरून पोलादाचं पाणी उतरवलंय. तेवढा भाग मऊ पडलेला असतो, धार लागते पण टिकत नाही. म्हणूनच सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याच्या हाती वस्तरा कधी देऊ नये. विळ्या-कात्र्यांसाठी तो माणूस उत्तम. तिसरी गोष्ट गंजाचे खड्डे. गालावरचे खड्डे दिसायला वाईट, कामाला निरुपद्रवी. धारेवर आलेले मात्र खोटे: वरून पोलाद दिसतं, आतून पोखरलेलं असतं, आणि दगडावर तिथं पुन्हापुन्हा कपचा निघतो. खड्डे धारेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत संपत असतील तर घासून त्यांच्या मागं जाता येतं. एक मिलिमीटरच्या पुढं असतील तर घरचं काम नाही.

गंज काढायला हजार-दोन हजारचा पाणीपेपर आणि मशीनचं तेल घ्या. पातं टेबलाच्या कडेवर सपाट टेकवून पाठीकडून धारेकडे घासा, बोट धारेच्या पुढं जाता कामा नये. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर वगैरे यूट्यूबी उपाय नकोत. आम्ल कोरलेलं नाव आणि मूळ झिलई आधी खातं, गंज नंतर. शेवटी ७० टक्के अल्कोहोलनं पातं आणि मुठीची आतली बाजू पुसून घ्या.

मग खरं निदान. काळ्या परमनंट मार्करनं दोन्ही बेव्हल रंगवा. सपाट केलेल्या बारीक दगडावर, तीन हजार किंवा वरचा, दोन्ही बाजूंनी दोनच हात मारा, दाब न देता. आता ट्यूबलाइटखाली पाहा, शाई कुठं गेली आणि कुठं राहिली.

दोन्ही बाजूंना शाई मधोमध राहिली, टाच-टोकाला पुसली गेली, तर धार खोलगट झालेली आहे. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. खात्रीसाठी पोलादी पट्टीची कड धारेला अलगद लावून उजेडाकडे धरा. मध्ये फट दिसेल. मध्ये झिजलेल्या दगडावर वर्षानुवर्षं घासलं की हे होतं: दगडाला खळगा, पात्याला कमान. एका बाजूला शाई मध्ये राहिली आणि दुसऱ्या बाजूला टोकांना राहिली, तर पातं पिळवटलेलं आहे. ते हातानं सरळ करायला जाऊ नका, कडक पोलाद वाकत नाही, मोडतं. शाई बेव्हलच्या वरच्या भागातून गेली पण अगदी धारेवर बारीक काळी रेघ उरली, तर दगड अजून धारेपर्यंत पोचलेलाच नाही. आणि धार बाहेरच्या बाजूला फुगीर, मंद हसल्यासारखी असेल तर ती शेफील्डच्या पात्यांत पुष्कळदा मुळातच असते. ती ‘सरळ’ करणं हा दोष काढणं नव्हे, दोष घालणं आहे.

खोलगट धारेवरचा इलाज ऐकायला भयंकर आहे. पातं उभं धरून, धार खाली, हजारच्या ओल्या दगडावरून पात्याच्या वजनानंच सरळ ओढायचं. तीन-चार हात झाले की पट्टी लावून पाहायचं. फट ०.२-०.३ मिमीची असेल तर हे घरी जमतं. आता धार वरून पाहिली तर उजेडात पांढरी चकाकणारी रेघ दिसते. ती म्हणजे बोथट झालेला सपाट माथा. इथून पुढचं काम त्या रेघेला संपवण्याचं. ती जिथं रुंद तिथं जास्त घासायचं, जिथं संपली तिथं थांबायचं. पाहणाऱ्याला पोटात गोळा येतो, पण यात पातं कमी खर्च होतं. कारण दोन्ही टोकं आडवं घासून मध्यापर्यंत आणायची म्हटली तर पाठही तेवढीच झिजते.

टाच ओढते याचं कारण बहुतेक वेळा दुसरं असतं. टाचेमागं पातं जाड होऊन शेपटीला मिळतं, तो खांदा दगडाच्या कडेवर चढतो आणि टाचेचा भाग अधांतरी राहतो. म्हणून खांदा दगडाच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवायचा आणि टाच थोडी पुढं, टोक मागं असा १५-२० अंशांचा तिरपा धरून चालवायचा. टाचेचा कोपरा झिजून खाली आकड्यासारखा उरला असेल तर आधी तो ४०० ग्रिटच्या डायमंड प्लेटवर गोल करून घ्या. नाहीतर तो आकडा दाढीत गालाला लागेल आणि दगडावर ओरखडे पाडेल.

पिळवटलेल्या किंवा फुगीर पात्याला पूर्ण रुंद दगड सोयीचा नसतो. दगड सात सेंटिमीटर रुंद असला तरी त्याची कडेची इंचभर पट्टीच वापरा. हात टाचेवरून सुरू करून टोकावर संपवायचा, दाबही तसाच सरकवत न्यायचा. फुगीर धार असेल तर पुढं जाता जाता मूठ किंचित वर उचलली जाते, म्हणजे त्या क्षणी जो भाग टेकलाय तोच कापला जातो.

दगडाविषयी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा करडा, दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड या कामाला फार भरड आहे. घरात असेल तर विळीसाठी राहू दे. तुमचा हजारचा चालेल, पण आधी सपाट करा: १२ मिमी जाडीच्या काचेच्या तुकड्यावर किंवा ग्रॅनाइटच्या लादीवर ३२० ग्रिटचा पाणीपेपर, दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखा आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत घासा. मधल्या रेघा राहतात आणि कडेच्या जातात, तो खळग्याचा पुरावा. हे काम प्रत्येक बैठकीआधी करायचं. दगडाच्या कडा ४५ अंशांत किंचित मारून गोल करा, धारदार कडेनं पात्याला चिरा पडतात.

बोअरचं पाणी जड असेल तर दगडाची छिद्रं पांढरट क्षारांनी भरतात आणि पात्यावर डाग पडतात. फिल्टरचं पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पंख्याखाली दगड दोन मिनिटांत कोरडा होतो आणि कोरड्या दगडावर घासताना पोलादाचे कण रुतून खोल ओरखडे येतात. सकाळी लवकर बसा, फवाऱ्याची बाटली जवळ ठेवा. काम झाल्यावर दगड उन्हात वाळवायचा नाही, तडकतो. सावलीत कडेवर उभा करा. खाली जाड टर्किश टॉवेल अंथरा, तो सोलापुरात कुणाला शोधावा लागत नाही. दगड सरकत नाही आणि हातातून सुटलेलं पातं फरशीवर आपटत नाही.

आता बेव्हल. टेप लावलेली, दगड सपाट, मार्कर पुन्हा लावलेला. धार पुढं, पाठ मागं अशा दिशेनं एका बाजूला वीस छोटे हात, मग दुसऱ्या बाजूला वीस, मग आलटून पालटून दहा पूर्ण लांबीचे. दाब किती हे शब्दांत सांगून कळत नाही, म्हणून दगड स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून शून्य करा आणि हात चालवून पाहा. सुरुवातीला ३०० ग्रॅमपर्यंत चालेल, या दगडाच्या शेवटी १५०, आणि पुढच्या दगडांवर पात्याचं वजन अधिक बोटाचा नुसता स्पर्श. दोन-तीन फेऱ्यांनी शाई पाहा. जुन्या पात्याला हे तासभर, कधी दोन तास लागतात. कंटाळा आला तर थांबा, उद्या करा. कंटाळलेला हात पाठ उचलतो.

सुरीसारखी एका बाजूला लव (धारेवरून पलीकडे वळलेली पोलादाची बारीक कड) उठेपर्यंत घासायचं नाही. वस्तऱ्याच्या धारेवर लव म्हणजे वाया घालवलेलं पोलाद, ती मोडली की मागं दातेरी कड उरते. दर फेरीनंतर बाजू बदलली तर लव उठतच नाही. उठलीच तर धार काचेच्या ग्लासच्या बुडावरून एकदा, अगदी अलगद उभी ओढा आणि हलक्या हातानं पुन्हा दहा-पंधरा हात मारा.

बेव्हल बसलं कसं ओळखायचं? धार वर करून ट्यूबलाइटखाली टाचेपासून टोकापर्यंत फिरवा. तयार धार दिसत नाही, फक्त काळी रेषा असते. कुठंही ठिपका चमकला तर तिथं अजून काम आहे. मग हाताच्या पाठीवरचे केस: धारेच्या दर सेंटिमीटरला वेगळं करून पाहा, कातडीलगत दाबाशिवाय केस कापले गेले पाहिजेत. आणखी एक जुनी चाचणी: अंगठ्याचं नख ओलं करून त्यावर धार वजनानंच सरकवा. एकसारखी रुतत गेली तर ठीक. घसरते तिथं बोथट, अडखळते तिथं दात. ही चाचणी फक्त हजारच्या दगडावर, पुढं नाही, नखानं तयार धार बिघडते. इथं ‘जवळजवळ’ चालत नाही. बहुतेक लोक एक सेंटिमीटर राहिलाय म्हणून पुढच्या दगडाकडे जातात आणि तोच एक सेंटिमीटर बारा हजारापर्यंत त्यांचा पिच्छा पुरवतो.

यापुढचं काम सोपं. तीन ते पाच हजारच्या दगडावर भिंगातून हजारचे ओरखडे दिसेनासे होईपर्यंत, मग आठ हजारावर आधीच्या दगडाचे. आकडे मोजू नका, ओरखडे पाहा. बारीक दगडावर पातं पाण्याच्या थराला चिकटल्यासारखं ओढू लागलं की काम संपत आलं. तिथून पुढं शंभर हात जास्तीचे मारले तर फायदा नाही, विशेषतः पातळ, पोकळ घासलेल्या पात्यात दाबामुळे धार वाकते आणि जास्त घासल्याने ती पत्र्यासारखी होऊन तुटते.

दगडांऐवजी लॅपिंग फिल्म (बारीक घासकण बसवलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म) चालते: ३ मायक्रॉन, मग १ मायक्रॉन, त्याच काचेवर पाण्यानं चिकटवून. स्वस्त पडते, सपाट करायची भानगड नाही. खाली हवेचा बुडबुडा किंवा एखादा कण राहता कामा नये, फिल्म तिथं वर येते आणि धार त्यावर आपटते.

चामोटीशिवाय, म्हणजे धार परजायच्या चामड्याच्या पट्ट्याशिवाय, धार पुरी होत नाही. साडेसात सेंटिमीटर रुंद, ४५-५० लांब, अडीच-तीन मिलिमीटर जाड पट्टा घ्या. चपलांचं चामडं विकणाऱ्याकडे बाभळीच्या सालीनं कमावलेलं मागा. क्रोमनं कमावलेलं मऊ चामडं ताणलं जातं, पात्याभोवती वळतं आणि धार गोल करतं. कापडी पट्ट्यासाठी बाजेची सुती नवार धुऊन, ताणून वापरता येते. दिशा दगडाच्या उलट, पाठ पुढं. टोकाला पोचलं की पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून उलटलं तर पट्टा आणि धार दोन्ही कापले. नवारीवर वीस-पंचवीस फेऱ्या, चामड्यावर पन्नास-साठ. पट्टा ताठ धरा; सैल पट्ट्यानं तासाभराची मेहनत मिनिटात जाते. उन्हाळ्यात चामडं सुकून निसरडं होतं, त्याला तेल ओतण्यापेक्षा तळहात जोरानं चोळा. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावायची असेल तर वेगळ्या पट्टीवर, दहा हलक्या फेऱ्या, बस्स. मुख्य चामोटीवर एकदा लावली की निघत नाही.

पहिली दाढी गालावरच करा, हनुवटी आणि गळा नंतर. पातं कातडीला ३० अंशांत, कातडी ताणलेली. सगळीकडे सारखं ओढत असेल तर चामोटी किंवा शेवटचा दगड कमी पडला. ठरावीक एकाच भागात ओढत असेल तर पुन्हा मार्कर, पुन्हा हजारचा दगड. मऊ कापतं पण आग होते, असं असेल तर धार पातळ लव घेऊन आली आहे. आठ हजारावर दाबाशिवाय वीस हात आणि चामोटी.

वापरल्यावर पातं कागदी रुमालानं पाठीकडून धारेकडे पुसा, मुठीत पाणी राहू देऊ नका. शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात लावा. खोबरेल काही महिन्यांत चिकट होतं. मूठ कासवाच्या पाठीसारखी दिसणारी किंवा पारदर्शक-पिवळट असेल तर ती सेल्युलॉइडची असू शकते. जुनं सेल्युलॉइड उष्णतेनं विघटन पावतं, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मुठीत मिटून ठेवलेल्या पात्यावर नेमका धारेजवळ गंज चढतो. पात्याचा गंज मुठीच्या आतल्या रेषेबरोबर जुळतोय का पाहा. जुळत असेल तर असा वस्तरा बंद डबीत, पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. अर्धवट उघडून, कापडात सैल गुंडाळून घरातल्या थंड कपाटात ठेवा, इतर वस्तऱ्यांपासून लांब, आणि मूठ बदलून घ्यायचं मनावर घ्या.